शेपूट

पहाटे तीन वाजता, ओउलूच्या रुग्णालयात,
डॉक्टर यारवेलांनी पाकीट फोडलं.
साधं पांढरं, विजेच्या बिलासारखं.
आत एकच शब्द असणार होता : सुरी, नाहीतर सलाईन.
त्यांच्या अभ्यासाला माणसं हवी होती,
आणि मी सही करून बसले होते आधीच.
पोट असं पिळवटत होतं
की निवडायची कटकटही पाकिटावर सोपवली.

स्कॅनमध्ये खडा नव्हता, फुटलेलं काही नव्हतं.
नुसतं सुजलेलं, करंगळीएवढं.
चव्वेचाळीस वर्षांत एक शब्द न बोललेला भाडेकरू
आज दार बडवत होता.

मला सलाईन निघालं.
शेजारच्या खाटेवरच्या तूलिक्कीला सुरी.
तिची खाट ढकलत नेली तेव्हा
माझ्याकडे मान वळवून ती म्हणाली, "नशीब तुझं."
चांगलं म्हणाली की वाईट,
ते मला कळलं नाही.

मी बर्फ सारायची गाडी चालवते.
नोव्हेंबर ते एप्रिल, रात्री दोन ते सकाळी दहा,
बंदराकडचा रस्ता आणि तीन शाळांची आवारं.
रस्ता साफ झाला असं लोक म्हणतात.
मला विचारा.
बर्फ कुठेही जात नाही,
कडेला ढीग होऊन बसतो, काळा पडतो,
मे महिन्यापर्यंत तोंड वर करून बघत राहतो.
म्हणून त्या थेंबांकडे बघताना
सारखं मनात येई :
हे काढतायत, की नुसतं सारतायत?

दुसऱ्या रात्री ताप उतरला.
तिसऱ्या दिवशी ओटची पेज आली, बिनमिठाची.
मी वाडगा पुसून खाल्ला.
डॉक्टरांनी पोट दाबलं, सोडलं,
माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.
चेहऱ्यावर काही नव्हतं.
मग त्या म्हणाल्या, जपून, एकेक शब्द तोलत,
"पाचांतले दोघे पुढेमागे परत येतात.
तीन येत नाहीत.
तुम्ही कोण, ते मला सांगता येत नाही."
इतकं खरं बोलणारं माणूस
मला त्याआधी क्वचितच भेटलं असेल.

घरी आठवडाभर गोळ्या. तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव.
भाऊ वेइक्को फोनवर खदाखदा हसला,
"सुरी बघून शेपूट घातलंस!"
म्हटलं, घातलं नाही रे,
ठेवलंय.

तूलिक्की भेटली पुढच्या हिवाळ्यात,
नगरपालिकेच्या तरणतलावावर, शॉवरखाली.
तिच्या पोटावर तीन ठिपके,
कुणी पेन्सिल टेकवून विचार करत राहावं तसे.
"माझं संपलं," ती म्हणाली. "तुझं?"
मी उजव्या कुशीवर हात ठेवला.
तिथे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.
हत्ती केव्हाच गेला होता,
शेपूट तेवढं आत.
पाणी अंगावरून वाहत राहिलं
आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला.
मग तिनं सांगितलं, महिनाभर नातीला उचलता आलं नव्हतं,
तेव्हा थोडा कमी झाला.

हा चौथा हिवाळा.
धुरावलेला मासा जास्त झाला, कळ आली,
की मी आतल्या आत विचारते : तू आहेस का?
उत्तर येत नाही, म्हणजे नसावा.
परवा पहाटे चारला, शाळेच्या फाटकापाशी,
बेंबीच्या उजवीकडे काहीतरी हललं.
मी गाडी थांबवली. इंजिन बंद.
दिव्याच्या उजेडात बर्फ पडत होता,
नुकत्याच सारलेल्या रस्त्यावर, पुन्हा.
दहा मिनिटं बसले.
ढेकर आली.

दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली असते :
झगा, चार्जर, सहीचा कागद, लोकरी मोजे.
सपाताही घेतल्या होत्या नव्या, खास रुग्णालयासाठी.
त्या मात्र मी
घरातच घालून झिजवल्या.